कॉम्प्युटरचा बाप म्हणतात त्याला, पण त्याचं एकही मशीन त्याच्या हयातीत पूर्ण झालं नाही

एमएस-सीआयटीचा कोर्स असो, सरकारी भरती असो की शाळेतली जीकेची परीक्षा, एक प्रश्न हमखास भेटतो. संगणकाचा जनक कोण? उत्तर सगळ्यांना पाठ आहे. चार्ल्स बॅबेज. एक मार्क खिशात.

त्या एका मार्कापलीकडे हा माणूस कोण होता, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. सांगायला गेलं की पहिलीच गोष्ट अडचणीची निघते. बॅबेजने ज्या यंत्रांसाठी उभं आयुष्य घातलं, त्यातलं एकही त्याच्या डोळ्यांदेखत पूर्ण झालं नाही. ब्रिटिश सरकारचे सुमारे साडेसतरा हजार पौंड त्यात गेले आणि हाताला लागला तो एका यंत्राचा छोटा तुकडा.

हे असं का झालं, यावर कॉम्प्युटरच्या इतिहासाचा नाद असलेली मंडळी आजही भांडतात. एक गट म्हणतो, माणूस काळाच्या शंभर वर्षं पुढे होता, तेव्हाच्या कारखान्यांना ही यंत्रं झेपणारच नव्हती. दुसरा गट म्हणतो, कारखाने ठीक होते, घोळ बॅबेजचा स्वभाव आणि सरकारचा पैसा यांच्यात होता. बराच काळ पहिल्या गटाचंच म्हणणं खरं मानलं गेलं. मग १९९१ साली लंडनमध्ये काही लोकांनी थेट यंत्रच बांधून बघितलं. पण तिथं जायच्या आधी बॅबेजची गोष्ट सुरुवातीपासून बघायला लागेल.

२६ डिसेंबर १७९१ ला लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील बँकर, त्यामुळे घरात पैशाची ददात नव्हती. १८१० मध्ये तो केंब्रिजला गेला, तोवर त्याने स्वतःच्या स्वतः इतकं गणित वाचून काढलं होतं की तिथलं शिकवणं त्याला जुनाट वाटायला लागलं. इंग्लंड तेव्हा न्यूटनच्याच चिन्हांना चिकटून बसलं होतं आणि युरोप लाइबनिट्सची सुटसुटीत चिन्हं वापरून पुढे निघून गेला होता. बॅबेजने १८१२ मध्ये जॉन हर्षल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांना घेऊन ॲनालिटिकल सोसायटी काढली. आपल्याच विद्यापीठाचं गणित सुधारायला निघालेली ही विशीतली पोरं. पुढे त्यांचंच म्हणणं मान्य झालं. मोठ्या लोकांना तोंडावर चुकीचं ठरवायची सवय बॅबेजला इथूनच लागली असावी. ती सवय त्याला आयुष्यभर नडली.

चुकलेल्या आकड्यांचा राग

बारावी सायन्स केलेल्यांना लॉग टेबलची ती पातळ पुस्तिका आठवत असेल. कॅल्क्युलेटर नसण्याच्या काळात सगळं जग अशाच कोष्टकांवर चालायचं. समुद्रात जहाज नेमकं कुठं आहे हे काढायचं, विम्याचा हप्ता ठरवायचा, ग्रहताऱ्यांची जागा शोधायची, सगळ्यासाठी छापील कोष्टकं. ती कोष्टकं माणसं हाताने बनवायची. अशी आकडेमोड करणाऱ्या माणसालाच तेव्हा इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणायचे. कॉम्प्युटर ही तेव्हा नोकरी होती.

माणूस म्हटला की चुका आल्याच. आधी गणितात चूक, मग नक्कल उतरवताना चूक, मग छापखान्यात खिळे जुळवताना चूक. चुका सापडल्या की शुद्धिपत्र निघायचं आणि कधीकधी त्या शुद्धिपत्रातही चुका असायच्या.

१८२१ मध्ये बॅबेज आणि हर्षल खगोलशास्त्राची अशीच कोष्टकं तपासत बसले होते. दोन वेगवेगळ्या माणसांनी केलेली तीच आकडेमोड शेजारीशेजारी ठेवायची आणि जुळते का बघायची. जुळतच नव्हती. वैतागून बॅबेजच्या मनात आलं की हे काम वाफेच्या यंत्राने केलं तर किती बरं होईल.

हा विचार वाटतो तितका अचानक आला नव्हता. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी नावाच्या इंजिनिअरने काही वर्षांपूर्वी कोष्टकांचा कारखानाच चालवला होता. वर मोजके गणितज्ञ, मधे हिशेब आखून देणारे, आणि खाली फक्त बेरीज-वजाबाकी करणारी साठ-सत्तर माणसं. त्यातले काही चक्क केशभूषाकार होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरदारांचे केसांचे टोप गेले आणि या लोकांचा धंदा बसला होता. ज्याला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येत नाही, त्याच्याकडूनही अवघड कोष्टक बनवून घेता येतं, हे बॅबेजला इथं दिसलं. मग तिथं माणूस तरी कशाला?

यामागची युक्ती शाळेतल्या गणितानेही समजते. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. शेजारच्या दोघांमधला फरक काढला तर ३, ५, ७, ९ येतात. या फरकांमधला फरक काढला तर २, २, २. शेवटचा फरक बदलतच नाही. आता उलटं चाला. ९ मध्ये २ मिळवले की ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. सहाचा वर्ग आला आणि गुणाकार कुठंच करावा लागला नाही. बऱ्याचशा कोष्टकांना हीच पद्धत चालते. म्हणजे फक्त बेरीज करणारी दातेरी चाकं नीट रचली आणि हँडल फिरवलं, तर पानंच्या पानं कोष्टकं तयार होतील. शिवाय यंत्राने आकडे स्वतःच छापले तर छापखान्यातल्या चुकाही संपतील. या यंत्राला त्याने डिफरन्स इंजिन असं नाव दिलं.

१८२२ मध्ये त्याने छोटं मॉडेल करून दाखवलं. रॉयल सोसायटीने शिफारस केली आणि १८२३ मध्ये सरकारने १,५०० पौंड दिले. आरमाराच्या जोरावर जगभर पसरलेल्या देशाला बिनचूक कोष्टकं हवीच होती.

पण सगळा घोळ त्या पहिल्या पैशातच होता. बॅबेजचं बोलणं थेट अर्थमंत्र्यांशी झालं होतं आणि त्याची नीट लेखी नोंद कोणी ठेवली नाही. बॅबेज समजला की यंत्र पूर्ण होईपर्यंतचा खर्च सरकारचा. सरकार समजलं की ही एकदाची मदत आहे. पुढची वीस वर्षं दोघंही आपापल्या समजुतीला धरून भांडत राहिले.

क्लेमेंटशी वाजलं

हे यंत्र म्हणजे साधंसुधं काम नव्हतं. आराखड्यात सुमारे २५,००० सुटे भाग होते. शेकडो चाकं अगदी एकसारखी हवी होती, आणि एकाच मापाचे भाग ढीगभर काढणं हीच त्या काळात नवी गोष्ट होती. बॅबेजने जोसेफ क्लेमेंट हा कारागीर गाठला. हातमाग विणणाऱ्याचा हा मुलगा तेव्हाच्या इंग्लंडमधल्या सगळ्यात चांगल्या यंत्र कारागिरांपैकी एक होता. भाग बनवायच्या आधी ते बनवणारी हत्यारंच त्याला नव्याने घडवावी लागली. त्याच्याकडे या कामावर जोसेफ व्हिटवर्थ नावाचा एक तरुण होता. पुढे याच व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं एकच माप देशभर रुजवलं. डिफरन्स इंजिनमधून इंग्लंडच्या हाताला काहीच लागलं नाही असं म्हणणाऱ्यांना हे नाव सांगता येतं.

मधल्या काळात बॅबेजच्या घरावर आभाळ कोसळलं. १८२७ या एका वर्षात त्याचे वडील गेले, बायको जॉर्जियाना गेली, दोन मुलं गेली. तो पार खचला आणि वर्षभर युरोपात भटकत राहिला. तिकडे असतानाच त्याला केंब्रिजची ल्युकेशियन प्रोफेसरची जागा मिळाली. एकेकाळी याच जागेवर न्यूटन होता आणि पुढे स्टीफन हॉकिंग आला. बॅबेजने ती अकरा वर्षं सांभाळली आणि त्यात एकही लेक्चर दिलं नाही.

वडिलांकडून सुमारे एक लाख पौंड आले होते, त्यामुळे त्याला कोणाची मर्जी राखायची गरज उरली नाही. १८३० मध्ये त्याने इंग्लंडमधलं विज्ञान कसं घसरत चाललंय यावर पुस्तक लिहिलं आणि रॉयल सोसायटीच्या कारभाराची सालटी काढली. ज्या संस्थेच्या शिफारशीवर आपले पैसे अवलंबून आहेत तिच्यावरच असं तुटून पडायला धाडस लागतं, किंवा व्यवहारशून्यपणा. बॅबेजकडे दोन्ही भरपूर होतं.

१८३२ मध्ये क्लेमेंटने यंत्राच्या आकडेमोडीच्या भागातला साधारण सातवा हिस्सा जोडून दिला. सुमारे २,००० भागांचा हा तुकडा झकास चालायचा, आजही चालतो. बॅबेज तो आपल्या डॉर्सेट स्ट्रीटच्या घरात ठेवायचा आणि शनिवारी संध्याकाळी लंडनमधली बडी मंडळी तो बघायला यायची. चार्ल्स डार्विन यायचा, चार्ल्स डिकन्स यायचा.

आणि पुढच्याच वर्षी काम थांबलं. बॅबेजला कारखाना आपल्या घराजवळ हलवायचा होता. क्लेमेंट म्हणाला, दोन ठिकाणी काम सांभाळायचं तर त्याचे वेगळे पैसे द्या. बॅबेज नाही म्हणाला. क्लेमेंटने माणसं काढून टाकली आणि काम बंद केलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सरकारच्या पैशातून बनलेली हत्यारंही कारागिराच्या मालकीची होती, ती तो घेऊन गेला. दहा वर्षं चाललेला प्रकल्प धातूवर अडला नव्हता, बिलावर अडला.

त्याहून चांगलं काहीतरी सुचलं

इथं दुसरा कोणी असता तर नवा कारागीर शोधून उरलेलं यंत्र पूर्ण केलं असतं. बॅबेजला मात्र १८३४ मध्ये त्याहून भारी कल्पना सुचली.

डिफरन्स इंजिनला एकच काम यायचं. पण यंत्राला बाहेरून सांगता आलं की आता हे कर, मग ते कर, तर? फ्रान्सच्या जकार्डने रेशमाच्या मागासाठी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं आणली होती. भोकाप्रमाणे धागा वर उचलला जायचा आणि नक्षी आपोआप उतरायची. इचलकरंजी, येवल्याकडच्या विणकरांना जकार्ड हा शब्द नवा नाही. बॅबेजने तीच कार्डं आकड्यांना लावली. एका बाजूला संख्या साठवायची जागा, तिला त्याने स्टोअर म्हटलं. दुसऱ्या बाजूला आकडेमोड करायची जागा, ती मिल. आजच्या भाषेत मेमरी आणि प्रोसेसर. आलेल्या उत्तरावरून पुढे काय करायचं ते यंत्रच ठरवणार, लागेल तितक्या वेळा तीच पायरी परत करणार आणि शेवटी उत्तर छापणार. कॉम्प्युटरचा जनक हा किताब त्याला मिळालाय तो या ॲनालिटिकल इंजिनसाठी.

आता विचार करा. सरकारने पैसे दिलेलं पहिलं मशीन अर्धवट पडलंय आणि हा माणूस सरकारला कळवतो की आता त्याहून चांगलं सुचलंय, पुढे काय करायचं ते सांगा. त्याला यात प्रामाणिकपणा वाटत होता. सरकारला वाटलं, हा आणखी पैसे मागतोय. निर्णय आठ वर्षं लटकला. १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचा सल्ला घेतला. एअरींनी यंत्र निरुपयोगी ठरवलं आणि सरकारने विषय संपवला. तोवर गेलेले साडेसतरा हजार पौंड म्हणजे किती? १८३१ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यातून निघालेलं एक रेल्वे इंजिन ७८४ पौंडांना पडलं होतं. तशी २२ इंजिनं आली असती. सरकार अगदीच मूर्ख नव्हतं, हे बॅबेजच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही.

त्याच नोव्हेंबरमध्ये बॅबेज पीलना भेटायला गेला. इथं थोडं गोड बोलून काही पदरात पडलं असतं. त्याने आपल्यावर कसा अन्याय झाला याचाच पाढा वाचला, दोघांचं बिनसलं आणि तो हात हलवत परत आला.

एडाचं काय?

दुसरा मोठा वाद एडा लव्हलेसचा. लॉर्ड बायरन या कवीची ही मुलगी १८३३ मध्ये, सतरा वर्षांची असताना बॅबेजकडे तो तुकडा बघायला आली आणि यंत्राच्या प्रेमात पडली. १८४० मध्ये बॅबेजने इटलीत तुरीनला जाऊन ॲनालिटिकल इंजिन समजावून सांगितलं होतं. त्यावर लुइजी मेनाब्रेआ या इंजिनिअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. हा गृहस्थ पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. एडाने १८४३ मध्ये त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि आपल्या टिपा जोडल्या. मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट टिपा झाल्या. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढायचा पायरीपायरीचा तक्ता आहे. त्यावरून एडाला जगातली पहिली प्रोग्रामर म्हणतात.

ते मान्य नसणारे बॅबेजच्या कागदांकडे बोट दाखवतात. तशा प्रकारचे छोटे तक्ते त्याने त्याआधीच काही वर्षं लिहून ठेवले होते, मग पहिला प्रोग्रामर तोच नाही का? मुद्दा खरा आहे. पण एडाचं मोठेपण तक्त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे. बॅबेज आयुष्यभर आकड्यांचाच विचार करत राहिला. एडाने लिहिलं की आकडे दुसऱ्या कशाची तरी खूण असू शकतात, सुरांचे नियम यंत्राला सांगता आले तर ते संगीतही रचू शकेल. मोबाइलवर गाणं ऐकताना आकड्यांचंच गाणं झालेलं असतं. हे त्या काळात तिला दिसलं होतं, बॅबेजच्या लिखाणात ते सापडत नाही.

तिचं काम छापून येत असतानाही बॅबेजला सरकारविरुद्धची आपली तक्रार त्याला जोडायची होती, आणि तीही निनावी. एडाने साफ नकार दिला. मैत्री मात्र टिकली. १८५२ मध्ये एडा कॅन्सरने गेली, वय अवघं ३६.

बॅबेज पुढेही थांबला नाही. १८४७ ते १८४९ दरम्यान त्याने डिफरन्स इंजिन नंबर दोन आखलं. नव्या यंत्रातून शिकलेलं जुन्यात वापरलं आणि पहिल्याच्या एक तृतीयांश भागांत काम बसवलं. १८५२ मध्ये सरकारला आराखडे देऊ केले. सरकार नको म्हणालं.

गंमत बघा. स्टॉकहोममध्ये गेओर्ग शॉइट्झ नावाच्या मुद्रकाने बॅबेजच्या यंत्रावरचा एक लेख वाचला आणि मुलाला, एडवर्डला हाताशी धरून स्वतःचं डिफरन्स इंजिन बांधलं. ते साधं होतं, बॅबेजच्या मानाने ओबडधोबड, पण १८५३ मध्ये ते पूर्ण झालं. भांडखोर म्हणून बदनाम असलेल्या बॅबेजने या बापलेकांचं मनापासून कौतुक केलं, त्यांच्यासाठी शब्दही टाकला. त्यांचं एक यंत्र अमेरिकेतल्या वेधशाळेने घेतलं. दुसरं ब्रिटिश सरकारनेच आपल्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यासाठी बनवून घेतलं आणि त्यावर आयुर्मानाची कोष्टकं काढली. ते यंत्र लहरी होतं, सतत लक्ष द्यावं लागायचं, पण ते अस्तित्वात होतं.

म्हातारपणी बॅबेजची लंडनमध्ये ओळख उरली ती रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी भांडणारा तऱ्हेवाईक म्हणून. हँडल फिरवून ऑर्गन वाजवणाऱ्यांमुळे आपली कामाची चौथाई ताकद वाया गेली असा त्याचा दावा होता. १८६४ मध्ये त्यांच्यावर वचक ठेवणारा कायदा झाला, त्यात त्याच्या आरड्याओरड्याचा हात होता. मग लोक मुद्दाम त्याच्या खिडकीखाली येऊन वाजवायला लागले. याच माणसाने त्या काळी अभेद्य मानली गेलेली व्हिजनेअर सांकेतिक लिपी फोडली होती आणि ते छापलंही नव्हतं. कारखान्यातल्या खिडक्यांच्या काचा कशाकशाने फुटतात याचं कोष्टकही त्याने बनवलं होतं.

१८ ऑक्टोबर १८७१ ला डॉर्सेट स्ट्रीटच्या त्याच घरात तो गेला.

त्याचा मुलगा हेन्री हिंदुस्तानात, कंपनी सरकारच्या बंगाल आर्मीत अधिकारी होता. निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर त्याने वडिलांचे उरलेले सुटे भाग जोडून छोटे नमुने केले आणि ते विद्यापीठांना पाठवले. एक हार्वर्डला गेला आणि तिथं १९३०च्या दशकात हॉवर्ड एकेनच्या नजरेस पडला, ज्याने पुढे हार्वर्ड मार्क वन बांधला. पण जर्मनीत कोनराड त्सुझेने आपली पहिली यंत्रं बांधली तेव्हा त्याला बॅबेजचं नावही माहीत नव्हतं. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी बरंचसं सगळं नव्याने शोधलं. म्हणून काही इतिहासकारांना जनक हा शब्दच खटकतो. बाप म्हणावा तर पोरांना त्याचा पत्ता नव्हता.

आता १९९१. सिडनीचे अभ्यासक ॲलन ब्रॉमली बॅबेजचे आराखडे वर्षानुवर्षं चाळत होते. त्यांनी लंडनच्या सायन्स म्युझियमला १९८५ मध्ये सुचवलं की डिफरन्स इंजिन नंबर दोन बांधून बघूया. डोरॉन स्वेड यांनी ते काम हातात घेतलं. भाग आधुनिक मशीनवर काढले, पण क्लेमेंटच्या जुन्या भागांची मापं घेऊन, त्याला साधली असती त्यापेक्षा जास्त अचूकता मुद्दाम ठेवली नाही. आराखड्यात काही चुका निघाल्या, त्या सुधारल्या. चाकं अडकायची, ती सोडवली. २९ नोव्हेंबर १९९१ ला, बॅबेजच्या दोनशेव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता, तेव्हा ४,००० भागांच्या त्या यंत्राने पहिलं मोठं गणित बिनचूक करून दाखवलं. छपाईचा भाग जोडायला आणखी दहाएक वर्षं गेली.

म्हणजे धातूकाम आड येत नव्हतं, हे नक्की झालं. पहिल्या गटातले लोक तरीही म्हणतात की एक यंत्र विसाव्या शतकातल्या पगारी टीमने बांधणं वेगळं आणि क्लेमेंटने हजारो भाग हाताखाली काढणं वेगळं, आणि यात तथ्य आहे. खर्च आणि वेळ हीसुद्धा तंत्रज्ञानाचीच बाजू.

ॲनालिटिकल इंजिन मात्र अजून कोणीच पूर्ण बांधलेलं नाही. आराखड्यांची शेकडो पानं आणि वह्याच्या वह्या लंडनमध्ये आहेत, अभ्यासक त्या वाचतायत. अडचण अशी की बॅबेज शेवटपर्यंत त्यात बदल करत होता, त्यामुळे यातलं नेमकं कोणतं यंत्र बांधायचं, हेच आधी ठरवावं लागणार आहे.